गौराचे दात

"नागाचे दात काढता का हो तुम्ही?"

दुपारची वेळ होती. सकाळच्या गाई-म्हशी आणि लस टोचायला आणलेली वासरं, सगळं उरकलं होतं. मी हात धुऊन डबा उघडायच्या बेतात होते. दवाखान्याच्या दारात साठीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर साधं सुती पातळ, डोक्यावर पदर. बरोबर जनावर नव्हतं.

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "कुणाचे दात?"

"नागाचे. घरचा हाय."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बाकावर कडेला टेकल्या आणि बाहेर कोणी नाही ना हे वळून पाहून घेतलं. "खराडे सरांच्या घरची मी," त्या म्हणाल्या. "मालन."

खराडे सरांचं नाव मला ठाऊक होतं. हेळेवाडीत माझी पहिलीच नेमणूक झाली होती. येऊन चारेक महिनेच झाले होते, तरी ठाऊक होतं. दिनकर खराडे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त झाले होते. कोल्हापूरच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याचा हा भाग. भाताची खाचरं, गवत, दगडी बांध, त्यामुळे साप भरपूर. कुणाच्याही घरात साप निघाला की काठी उचलायच्या आधी सरांना बोलावणं जायचं. सर यायचे, साप नुसत्या हातानं उचलायचे, पिशवीत घालून डोंगरात सोडून यायचे. त्यांच्यामुळे त्या भागात साप मारणं जवळजवळ थांबलं होतं, आणि ही गोष्ट खरोखर मोठी होती. एक नागीण मात्र त्यांनी घरीच ठेवली होती. तिचं नाव गौरा. स्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत त्यांचा मोठा फोटो लावलेला होता. तळहातावर फणा काढलेली गौरा, आणि तिच्याकडे नातीकडं बघावं तसं बघणारे सर.

"काय झालंय तिला?" मी विचारलं.

"खात न्हाई. तोंड सुजलंय. पण त्यासाठी न्हाई आले मी." त्यांनी पदर सारखा केला. "दात आलेत तिला. काढायला पायजेत."

"आलेत म्हणजे? आधी नव्हते?"

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज कुठंही चढला नाही. गावाबाहेरच्या माळावर गुलाबनाथ नावाचा म्हातारा गारुडी राहायचा. खेळ करणं त्यानं कधीच सोडलं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी सरांनी विहिरीच्या जाळीत अडकून जखमी झालेली एक नागीण घरी आणली. जखम बरी झाली, तरी तिला सोडायला सरांचं मन होईना. हळूहळू ते तिला रोज हातात घ्यायला लागले.

"मी सांगून बघितलं," मालनकाकी म्हणाल्या. "रडून बघितलं. माहेरी जाऊन बघितलं. ते हसायचे. म्हणायचे, मालन, ती मला ओळखती. मग एक दिवस गुलाबनाथ दारावर आला, आणि मी त्याला विचारलं."

तेव्हापासून दर दीड-दोन महिन्यांनी, सर दुपारचे वाचनालयात गेले की गुलाबनाथ मागच्या दारानं यायचा आणि गौराचे विषाचे दात मोडून जायचा. सापाला दात पुन्हा येतात, म्हणून त्यालाही पुन्हा यावं लागायचं. यंदा संक्रांतीनंतर तो वारला.

"सरांना हे माहीत आहे?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

"तीन डाव चावली त्यास्नी. रक्त आलं. हात पण सुजला न्हाई. सगळ्या गावाला सांगत सुटले, आपल्या माणसाला ती विष देत न्हाई म्हणून." काकींनी माझ्याकडे पाहिलं. "मी काय बोलणार?"

मला डबा उघडायचं सुचलं नाही. मी शिकले होते गाई-म्हशींचं वैद्यक. सापाच्या तोंडात हात घालायचं शिक्षण मला कुणी दिलेलं नव्हतं. पण प्रश्न तेवढाच नव्हता. मी त्यांना सांगितलं, की नाग घरात ठेवणं हाच गुन्हा आहे. त्याचे दात काढणं हा त्याहून मोठा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मी हे करणार नाही, कारण जनावरांना बरं करायला मी शिकले आहे.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग त्यास्नी मरू देऊ?"

 उत्तराची वाट न बघता त्या पुढं बोलत राहिल्या. रविवारी कॉलेजातली मुलंमुली गौराला बघायला येणार होती. आजवर सर एकटेच तिला हातात घ्यायचे. आता त्यांच्या मनात आलं होतं, की पोरांच्या मनातली सापाची भीती घालवायची तर नुसतं दाखवून भागणार नाही, साप त्यांच्या हातात द्यायला हवा. मान मी धरतो, अंग तुम्ही धरा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"तोवर रोज ते हातात घेणार?"

"पेटीच्या कुलपाची किल्ली मी लपवलीया. दोन दिस झालं शोधत्यात."

मी म्हटलं, वनखात्याला कळवावंच लागेल. त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "कळवा. पण रविवारी सकाळी तुम्ही आधी या. मी सांगते त्यास्नी. माझ्या तोंडानं कळू दे. एकटीनं मात्र न्हाई जमायचं मला."

मी हो म्हटलं.

संध्याकाळी टेलिफोन बूथवरून पशुवैद्यकीय कॉलेजातल्या माझ्या एका प्राध्यापकांना फोन लावला. त्यांना सगळी हकीकत सांगितली. मग त्यांनी सापाच्या दाताबद्दल मला जे माहीत असायला हवं होतं ते सांगितलं. प्रत्येक विषदातामागं राखीव दात वाढतच असतात. एक मोडला की दुसरा पुढं येतो. मोडताना जबड्याला इजा होते, पू होतो, जनावर खाणं सोडतं. बरीचशी उपाशी मरतात. दात आलेत की नाही, हे हात न लावता कसं बघायचं तेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "आणि तू स्वतः शहाणपणा करू नकोस. हात खिशात ठेवायचे." वनखात्याच्या लोकांना मी रविवारी दुपारी यायला सांगितलं.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा सर ओसरीवर पेपर वाचत होते. उंच, सडसडीत माणूस. पांढरा सदरा, कडक इस्त्री. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला.

"या या, डॉक्टर. मालन म्हणाली तुम्ही येणार म्हणून. गौराला बघायला आलात ना? फार बरं झालं. ती खात नाही हो फेब्रुवारीपासून. मला वाटतं, ऋतुमान. पण तुम्ही बघा."

काकी आतून चहा आणि पोहे घेऊन आल्या. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली. म्हणजे अजून सांगणं झालं नव्हतं.

सर बोलत होते. त्यांचं बोलणं ऐकावंसं वाटे. साप कान नसताना कसा ऐकतो, जीभ बाहेर काढून वास कसा घेतो, घोणस आणि अजगर यांत माणसं कशी फसतात. शिकवणाऱ्या माणसाचं बोलणं होतं ते. प्रत्येक गोष्ट सोपी करून सांगायची आणि समोरच्याला कळली का, याची वाट बघायची. मध्येच त्यांनी उजवा हात पुढं केला. अंगठ्याच्या मुळाशी बारीक ओरखड्यासारख्या जुन्या खुणा होत्या.

"हे तिचे. तीन वेळा. पहिल्या वेळी मीही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? इथंच बसून राहिलो. म्हटलं, आता पापण्या जड होतील, जीभ अडखळेल. हिला काही बोललोसुद्धा नाही. तास गेला, दोन तास गेले. काही नाही." ते हसले. "त्या दिवशी मला कळलं, की ती चावली नव्हती. ती फक्त म्हणाली होती, आज नको."

"कोरडा चावा असू शकतो सर," मी म्हटलं. "साप कधीकधी विष सोडत नाही."

"एकदा. तीनदा नाही, डॉक्टर. मी विज्ञानाचा माणूस आहे. मीही आधी हाच विचार केला. पण काही गोष्टी पुस्तकात नसतात."

ते उठले. ओसरीच्या डाव्या बाजूच्या खोलीत गौराची पेटी होती. सागवानी, पुढून काच, वर झाकण, झाकणाला खाणं टाकायची एक लहान खिडकी. सगळं सुबक, स्वच्छ. पेटीत पाण्याचं भांडं, वाळकं गवत आणि एक सपाट दगड होता. दगडाला लागून गौरा वेटोळं घालून पडली होती. गव्हाळ रंगाची, लांब. वरचा ओठ एका बाजूनं फुगलेला मला काचेतूनही दिसला. झाकणाच्या कुलपाच्या जागी चार भोकं होती. स्क्रू काढून सरांनी कडीच उचकटली होती.

"किल्ली हरवली," ते म्हणाले. "इतके दिवस हातात घेतली नाही तर करमेना मला. पोरं यायच्या आधी जरा बाहेर काढतो. तिला मोकळं वाटेल."

"सर, उघडू नका," मी म्हटलं.

"का? भीती वाटते?" अगदी मायेनं विचारलं त्यांनी.

"हो. वाटते."

"वाटणारच. पण बघा तर." त्यांनी झाकणाला हात घातला.

"थांबा."

मालनकाकी दारात उभ्या होत्या. पोळ्या करताना तशाच उठून आल्या असाव्यात, हाताला पीठ होतं. त्या आत आल्या, सरांच्या आणि पेटीच्या मधून पुढं झाल्या. "आज मी काढते तिला."

सरांना आधी मौज वाटली. "तू?"

"व्हय. तुम्हीच म्हणता न्हवं, गरीब हाय म्हणून."

त्यांनी झाकण थोडं उचललं आणि हात आत न्यायला लागल्या. आत गवतात हालचाल झाली. सरांनी त्यांचं मनगट पकडलं. इतकं झटक्यात, की झाकण धाडकन पडलं.

"मालन, वेडेपणा करू नकोस."

"सोडा हात."

"ती तुला ओळखत नाही."

"कॉलेजच्या पोरींना तरी कुठं ओळखती? त्यांच्या हातात देणार हाय न्हवं तुम्ही?"

"ते वेगळं. मान मी धरलेली असणार."

"मग आता धरा की."

सरांनी मान धरली नाही, पेटीही उघडली नाही. काकींचं मनगट तेवढं घट्ट धरून ठेवलं.  सरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांना स्वतःलाही तो जाणवला असावा.

काकी खालच्या आवाजात म्हणाल्या, "बघा. सहा-सात वर्सं मला रोज जे वाटायचं, ते आत्ता तुमास्नी वाटलं."

मग त्यांनी सांगितलं. दवाखान्यात मला सांगितलं होतं तसंच, आवाज न चढवता. गुलाबनाथ, मागचं दार, वाचनालयाची वेळ. सर ऐकत होते. मध्येच त्यांनी मनगट सोडून दिलं, पण काकींनी हात मागं घेतला नाही, तो तसाच पेटीवर राहिला.

"खोटं," सर म्हणाले.

ते माझ्याकडं वळले.

"डॉक्टर, हे खोटं आहे. हिला भीती वाटते म्हणून ही काहीतरी..."  ते खाली स्टुलावर बसले. "दात आता असतील तर काय? आले म्हणता ना? मग आजही ती मला चावणार नाही. चावली तरी विष देणार नाही. मी हात घालतो. तुम्ही दोघी बघा."

तो क्षण मला अजून आठवतो, कारण ते हे बोलले आणि उठले मात्र नाहीत.

"हात घालायची गरज नाही, सर," मी म्हटलं. "आपण बघू शकतो."

मी बरोबर सगळं आणलं होतं. काचेचा एक पेला, रबरी हातमोजा, वेताची काठी. पेल्याच्या तोंडावर हातमोजा ताणून बांधला, पेला काठीच्या टोकाला घट्ट बांधला. सरांनी माझे हात बघितले आणि म्हणाले, "गाठ सुटेल. इकडे द्या." त्यांनीच ती पुन्हा बांधली. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेला माणूस होता तो.

वरच्या लहान खिडकीतून काठी आत सोडली. सरांनीच धरली होती. गौरानं फणा उभा केला. फूत्कार टाकला. सर पेला तिच्यापुढं हलवत राहिले. हलवताना तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. तिचं नाव असावं. दोनदा तिनं नुसतीच धडक मारली. तिसऱ्यांदा तोंड उघडून रबराला धरलं, आणि धरूनच ठेवलं.

काठी बाहेर काढली तेव्हा रबराला एका बाजूला बारीक छिद्र होतं. एकच. दुसऱ्या बाजूचा दात बहुधा अजून आला नव्हता. पेल्याच्या आतून पिवळसर, दाट थेंब काचेवरून सावकाश खाली येत होता. सरांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला. तो थेंब तळाला पोचेपर्यंत आम्ही तिघंही बघत राहिलो.

"म्हणजे तिन्ही वेळा तिनं मला मारायलाच बघितलं होतं," सर म्हणाले.

"तिनं स्वतःला वाचवायला बघितलं, सर."

"हो. तेच." त्यांनी पेला खाली ठेवला. बराच वेळ ते काचेतून तिच्या सुजलेल्या ओठाकडं बघत होते. "दुखत असेल का हो तिला?"

"असेल."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मला वाटलं होतं, ते काकींवर रागावतील. माणूस एवढा फसवला गेला की आधी राग येतो. पण ते अजून त्या ओठाकडंच बघत होते. मग एकदम त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं असावं. त्यांनी मान वर केली.

"गुलाबनाथचा डावा हात अधू होता. लुळाच होता."

"व्हय," काकी म्हणाल्या.

"मग एका हातानं त्यानं दात कसे मोडले? मान त्यानं धरली म्हणू. चिमटा कुणी चालवला? का त्यानं चिमटा चालवला आणि..." ते थांबले. "मालन, तिला धरत कोण होतं?"

काकींनी हाताचं वाळलेलं पीठ चोळून काढलं.

"मीच की. दुसरं कोण हाय घरात?"

"तू? पाल दिसली तरी तू घर डोक्यावर घेतेस."

"पयल्या डावाला डोळे मिटून धरली. गुलाबनाथ म्हणला, आक्का, डोळे मिटून धरशील तर मरशील. मग उघडे ठेवले." त्या जरा थांबल्या. "तिच्या अंगात किती ताकद हाय, ते मला ठावं हाय. ती कशी धडपडायची ते पण. तुमास्नी वाटतं तुमी तिला ओळखता. तुमच्या हातात ती कधी अशी धडपडली न्हाई, माझ्या हातात धडपडायची. मला रात रात झोप यायची न्हाई. तिची पण कीव यायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पेटी उघडायला जायचा, आणि मी म्हणायची, असू दे. निदान आज तरी असू दे."

सरांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.  बोलले तेव्हा आवाज अगदी सपाट होता.

"आणि तुला चावली असती तर? दात मोडायच्या आधीच तर धरायचीस तू."

काकींनी झाकणावर सांडलेलं पीठ पदरानं पुसलं. बहुतेक त्या गोष्टीचा त्यांनी सहा-सात वर्षांत एकदाही विचार केला नव्हता, किंवा इतक्या वेळा केला होता की आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं फाटकाशी मुलांचे आवाज आले. आठ-दहा जण होते, गळ्यात कॅमेरे, हातात वह्या. सर उठले. सदरा नीट केला. मला वाटलं, ते आता प्रकृतीचं काहीतरी कारण सांगून त्यांना परत पाठवतील, आणि तसं केलं असतं तरी त्यांना कुणी दोष दिला नसता. ओसरीवर मुलांनी त्यांना वाकून नमस्कार केला. एक मुलगी म्हणाली, "सर, हातात घेऊन फोटो काढायचाय आम्हाला. घरी सांगितलेलं नाहीय."

सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"बसा सगळे," ते म्हणाले. "गौरा आज बाहेर येणार नाही. इथून पुढं कधीच येणार नाही. का, ते सांगतो."

मी आतच थांबले. काकी माझ्याजवळ दाराआड उभ्या होत्या. सर सांगत होते आणि मुलं ऐकत होती. सरांनी त्यात काही झाकलं नाही. गुलाबनाथचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. "एक माणूस," एवढंच म्हणाले. काकींचं नाव घेतलं. मधे एका मुलानं काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. सरांचं उत्तर ऐकू आलं. "नाही रे. माझं धाडस नव्हतं ते. धाडस करणारं माणूस आत पोळ्या करतंय."

काकी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

दुपारी वनखात्याचे लोक आले. पंचनामा झाला. सरांनी सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली. त्याचे परिणाम त्यांना पुढं भोगावे लागले. सुनावणीला बरेच हेलपाटे घालावे लागले, आणि शेवटी वय बघून ताकीद देऊन सोडलं. त्या दिवशी मात्र पेटीची खालची बाजू त्यांनीच धरली. जीपमध्ये ठेवताना पेटी हलली, तेव्हा वनरक्षकाला म्हणाले, "सावकाश. तिचं तोंड दुखतंय."

उपचार केंद्रात गौराचं तोंड बरं व्हायला पावसाळा उजाडला. नंतर तिला सोडून दिलं. सोडताना येता का म्हणून सरांना विचारलं होतं. ते गेले नाहीत. तिथं माझं काय काम, म्हणाले.

काकींशी ते बरेच दिवस बोलले नाहीत. हे मला काकींनीच सांगितलं. त्यांनी एव्हाना एक शेळी घेतली होती आणि तिला काही ना काही झालं म्हणून त्या दवाखान्यात यायच्या. "रागानं न्हाई," त्या म्हणाल्या. "बोलायला जात्यात आणि शब्दच येत न्हाई." मग एकदा म्हणाल्या, "काल विचारत होते, तुला आणखी कशाकशाची भीती वाटती, ते सांग म्हणून. इतक्या वर्सांत पयल्यांदा विचारलं. सांगता सांगता दिवस गेला सगळा."

सरांनी साप पकडणं सोडलं नाही. लांब आकडा आणि साप आपणहून आत शिरावा म्हणून नळीला बांधलेली पिशवी वापरायला लागले. लोकांना ते आवडलं नाही. सर म्हातारे झाले, भ्याले, असं गावात बोललं जायचं. नुसत्या हातानं पकडणारा दुसरा एक तरुण त्या भागात पुढं आला, आणि काही दिवस लोक त्यालाच बोलवायचे. सरांनी त्याच्या घरी जाऊन त्याला सगळी हकीकत सांगितली. त्यानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. माझी तोवर बदली झाली होती.

कित्येक वर्षांनी त्या बाजूच्या एका शाळेत सर्पदंशावर कार्यक्रम होता, आणि मला बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा सर बोलत होते. खूप थकले होते, खुर्चीत बसून बोलत होते. काकी मागच्या बाकावर होत्या. साप चावला तर काय करायचं, काय करायचं नाही, हे सांगून झाल्यावर सरांनी गौराची गोष्ट सांगितली. सगळी, जशी घडली तशी. आता त्यात गुलाबनाथचंही नाव होतं. "तो वाईट माणूस नव्हता," ते म्हणाले. "त्याला भीक मागायची नव्हती, आणि दुसरं काही येत नव्हतं. वाईट काय असेल तर, मला टाळ्या आवडायच्या."

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. आठवी-नववीतली असेल. तिला गोष्ट पटली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"पण सर, तुम्ही तिला एवढं सांभाळलंत. तिची जखम बरी केलीत. मग तुमची मैत्री नव्हती का?"

सरांनी थोडा विचार केला. असल्या प्रश्नाला ते घाईनं उत्तर देत नसत.

"होती," ते म्हणाले. "माझ्या बाजूनं होती."